इंगोले काकांची चांदणी

इंगोले काका कुणाच्याही घरी गेले, की बसण्याआधी खुर्चीला टेस्टर लावून बघतात. खुर्ची प्लास्टिकची असली तरी. शर्टाच्या ज्या खिशात इतर लोक पेन ठेवतात, तिथे त्यांचा टेस्टर असतो, आणि तो ते इतक्या सहजपणे बाहेर काढतात, की घरमालकालाच आपल्या खुर्चीबद्दल शंका येऊ लागते. एका लग्नात त्यांनी स्टेजवर चढून नवरदेवाच्या सोनेरी खुर्चीला टेस्टर लावला होता. नवरदेव घाबरून उभा राहिला. काका म्हणाले, "बसा, बसा. सप्लाय नाई."

चौतीस वर्षं ते वीज कंपनीत लाइनमन होते. निवृत्त झाले, पण माणसांची वर्गवारी अजून विजेवरच चालते. एका वेळी एकच काम झेपणारा माणूस म्हणजे 'सिंगल फेज'. घर, शेत आणि बचत गट एकाच जोरात चालवणाऱ्या त्यांच्या पत्नी, शोभाकाकू, 'थ्री फेज'. मी त्यांची शेजारीण, शाळेत मुख्याध्यापिका, आणि यादी केल्याशिवाय मी भाजी आणायलाही निघत नाही. माझ्या माघारी ते मला 'मीटर' म्हणतात, हे शोभाकाकूंनीच मला सांगितलं. तोंडावर मात्र मॅडम.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी काका माझ्या ओट्यावर आले. खुर्ची तपासली, बसले.

"मॅडम, एक यादी काढून द्या. नाताळाची लायटिंग करायची हाय. रंग बदलते ना, ते पट्टीवाली."

शेलूबाजारात आमच्या गल्लीत भीमजयंतीची रोषणाई म्हणजे काकांचं खातं. एप्रिलमध्ये ते आठ दिवस जेवायला सुद्धा शिडीवरून उतरत नाहीत. पण नाताळ? आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर एकही नाही. तरी मी का म्हणून विचारलं नाही, कारण मला कारण माहीत होतं. सगळ्या गल्लीलाच होतं.

काकांची एकुलती एक मुलगी सुजाता नागपूरला नर्स आहे. अडीच वर्षांपूर्वी तिनं डॅनियल साळवेशी लग्न केलं. आडनाव साळवे, त्यामुळे लग्नाआधी सहा महिने काका मुलगा आपल्यातलाच समजून खुशीत होते. लग्न चर्चमध्ये आहे हे कळलं तेव्हा ते लग्नाला गेले नाहीत, आणि मुलीला म्हणाले, "तू ये. त्याले माह्या उंबऱ्यावर आणू नको." तेव्हापासून सुजाता माहेरी येते तेव्हा डॅनियल तिला हायवेच्या चौकात उतरवतो आणि तिथूनच गाडी वळवून नागपूरला परत जातो. आमच्या गावात त्यानं चहासुद्धा घेतलेला नाही.

यंदा पावसाळ्यात त्याची आई गेली. वडील आधीच गेले होते. सुजातानं फोनवर आईला सांगितलं, की डॅनियल यंदा नाताळला घरी चांदणी लावायची नाही म्हणतो, कोणासाठी लावू म्हणतो. फोन स्पीकरवर होता. इंगोल्यांच्या घरी फोन नेहमी स्पीकरवरच असतो, कारण कानाला लावलेल्या कुठल्याही यंत्रावर काकांचा विश्वास नाही. काकूंनी विचारलं, मग इकडे या ना दोघं. सुजाता म्हणाली, बाबा स्वतः बोलले तरच तो येईल.

म्हणून मी कागद घेतला आणि लिहिलं: एक, जावयाला फोन.

काकांनी चष्मा वर करून वाचलं. "ते खाली घ्या, मॅडम. पहले माल येऊ द्या."

माल अकोल्याहून आला. एलईडी पट्टीची दोन रिळं, अ‍ॅडाप्टर, कंट्रोलर आणि चोवीस बटणांचा छोटा रिमोट. अ‍ॅडाप्टरवर बारा व्होल्ट वाचून काका खिन्न झाले. "बारा व्होल्टनं मुंगी नाई मरत, मॅडम. याले हात लावाले लाइनमन कायले पायजे?" तरी त्यांनी रबरी हातमोजे घातलेच.

सांगाडा त्यांनी जाड तारेचा केला. पाच टोकांची चांदणी, माझ्याएवढी उंच. मग पट्टी कापायची वेळ आली. या पट्टीवर तीन-तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण छापलेली असते, तिथेच कापायचं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. चौतीस वर्षं मनाला येईल तिथे तार कापलेल्या माणसाला पट्टीनं जागा सांगावी, हे काकांना सहन झालं नाही. त्यांनी वितीनं मोजून कापलं. तुकड्याच्या टोकाचे दिवे पेटेनात. त्यांनी दुसरा तुकडा कापला. तोही तसाच.

"मालच सिंगल फेज हाय," काका म्हणाले.

"माल बरोबर हाय, तुमी आयकून नाई राह्यले," काकू दारातून म्हणाल्या. "अडीच वर्सं जावयाचं नाव नाई घेतलं, आन आता त्याच्या सणापायी माही कपडे वाळवाची तार तोडली. वल्ले कपडे का चांदणीवर टाकू?"

सांगाड्याची तार कुठून आली ते मला तेव्हा कळलं. मी यादीत लिहिलं: काकूंना नवी तार.

तिसऱ्या तुकड्यापासून काका खुणेवर कापू लागले. मग नवीन अडचण. पट्टीचं पहिलं टोक पांढरंशुभ्र आणि शेवटचं लालसर, मरगळलेलं. दुकानदार फोनवर म्हणाला, माल बदलून घ्या. पण इथे मात्र काका एकदम ताजे झाले. "बदलाचं काय काम? शेवटच्या शेतकऱ्याच्या मोटारीले व्होल्टेज नाई भेटत, तसंच हाय हे." त्यांनी दुसऱ्या बाजूनं आणखी एक जोडणी दिली. पाचही टोकं सारखी उजळली. त्या दिवशी त्यांनी तीन कप चहा घेतला आणि बारा व्होल्टला पहिल्यांदा 'सप्लाय' म्हटलं.

नाताळाची बाकी माहिती त्यांना फारशी नव्हती.

"मिरवणूक किती वाजता असते, मॅडम?"

"मिरवणूक नसते, काका."

"मंग डीजे?"

"तोही नसतो."

"मंग लायटिंग पाह्यते कोण?" ते खरोखर काळजीत पडले.

एवढं होईपर्यंत मी यादी चार वेळा नव्यानं लिहिली. प्रत्येक वेळी काका फोनचं काम खाली सरकवायचे. पट्टी झाल्यावर. सांगाडा रंगवल्यावर. गच्चीवर पाइप उभा झाल्यावर. पाइप त्यांनी अठरा फुटांचा आणला, तेव्हा मी विचारलं, एवढा उंच कशाला? गल्लीत बारा फूट पुष्कळ झाला.

काका पाइपाला लाल ऑइलपेंट मारत होते. ब्रश न थांबवता म्हणाले, "चौकातून दिसली पायजे. गाडी तिथूनच वापस जाते ना."

त्या दिवशी मी यादी पाचव्यांदा लिहिली आणि तिच्यात एकच ओळ ठेवली.

बावीस तारखेला दुपारी ते माझ्या ओट्यावर आले, नंबर लावला आणि फोन मधल्या स्टुलावर ठेवला. स्पीकर अर्थातच चालू.

"हॅलो, डॅनियल बोलतोय."

"लाइनमन इंगोले, शेलूबाजार," काका म्हणाले, जणू तक्रार नोंदवायला फोन केलाय.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "हां, मामाजी. नमस्कार."

"जय भीम. एक विचाराचं होतं. चांदणी केली हाय. पाच टोकं हायत. एक टोक वर ठेवता का दोन?"

"चांदणी? तुम्ही?"

"एक का दोन?"

"एक वर. दोन खाली."

"बराबर. मले तसंच वाटलं." काकांनी स्टुलाची कड बोटानं पुसली. "तुमच्या घरी कोण लावे?"

"आई लावायची."

"हं." मी आत जावं की बसावं हे मला कळेना. शेवटी काका म्हणाले, "मले जोडणी येते, जावईबापू. बाकी इथं कोणाले काई मालूम नाई. चोवीसले या. दोघंही."

"चौकापर्यंत येऊ?"

"घरापर्यंत या. चौकात गाडी लावाले जागा नाई."

चौकात दहा ट्रक उभे राहतील एवढी जागा आहे. मी ते सांगितलं नाही. डॅनियललाही ते माहीत असणारच. तो म्हणाला, "येतो."

फोन ठेवल्यावर काका पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरगं आवाजावरून बरं वाटते." अडीच वर्षांत त्यांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला होता.

चोवीसला दिवेलागणीला सगळी गल्ली गच्च्यांवर आणि ओट्यांवर जमली. सोळा रंग होणार, ही बातमी काकांनी स्वतःच पसरवली होती. गाडी चौकात आली, नेहमीच्या जागी क्षणभर थांबली, आणि मग हळूहळू आत वळली. काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोघांच्या पायांवर पाणी घातलं. काका एवढंच म्हणाले, "वर चला. उजेड चालला."

मीही वर गेले. डॅनियल हा उंच, शांत मुलगा. त्यानं विझलेल्या चांदणीकडे खालून वर पाहिलं, जोडण्या पाहिल्या, एका टोकाला हात लावला. काकांनी रिमोट त्याच्या हातात दिला आणि प्रत्येक बटण समजावलं. हा लाल, हा निळा, हे आपोआप बदलते, हे पळते, हे श्वास घेतल्यावानी मंद होते.

"यात एकच रंग स्थिर राहतो का?" डॅनियलनं विचारलं.

"राह्यते."

"आई कागदाची चांदणी लावायची. आत एक पिवळा बल्ब." त्यानं बटणं दाबत जुळता रंग शोधला. निळा, जांभळा, हिरवा भराभर येऊन गेले आणि जुन्या बल्बसारखा मऊ पिवळा उजेड थांबला. सुजातानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आज हाच राहू द्यायचा, मामाजी? उद्या सगळे चालवू."

तीन आठवडे काकांनी त्या सोळा रंगांसाठी घालवले होते. ते चांदणीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राहू द्या. चांगला हाय."

खालून लगेच कोणीतरी ओरडलं, "काका, रंग बदलून नाई राह्यले. फाल्ट हाय का?"

काका कठड्याशी गेले. लाइनमनला यापेक्षा मोठी शिवी नाही, आणि एरवी त्यांनी विचारणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. "फाल्ट नाई," ते म्हणाले. "आमच्या जावयानं सांगतलं, रंग उद्या."

समोरच्या गच्चीवरून तोच प्रश्न आला. त्यांनी तेच उत्तर दिलं, जरा मोठ्यानं.

मग ते कठड्याच्या दुसऱ्या टोकाला, हायवेच्या बाजूला गेले आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "आमच्या जावयानं सांगतलं हाय, रंग उद्या." त्या बाजूला कोणी नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं.