त्यातल्या त्यात उजवा

"माणसाची संस्कृती चाकावर उभी आहे, असं सगळे म्हणतात. साफ चूक! ती आसावर उभी आहे. चाक काय, नुसतं फिरतं. त्याला फिरवतो तो आस!"

अचूकरावांनी हे जाहीर केलं तेव्हा ते अंगणात पालथे पडून गाडीखाली डोकावत होते आणि त्यांची स्वतःची संस्कृती जॅकवर उभी होती. श्रोत्यांत एकटी पत्नी होती, तीही कपडे वाळत घालत होती. 'आस' या शब्दाचा तिला एकच अर्थ ठाऊक होता, आणि या गाडीच्या बाबतीत ती तिने केव्हाच सोडली होती.

अचूकराव जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. हे नाव त्यांना खात्यातल्या सहकाऱ्यांनी दिलं होतं, आणि ज्या सुरात दिलं होतं तो सूर तेवढा वगळून त्यांनी ते मनापासून स्वीकारलं होतं. त्यांच्या गाडीचं मॉडेल बंद पडलं, पुढे ती बनवणारा कारखाना बंद पडला. गाडी तेवढी चालू राहिली. हल्ली मात्र ती वळताना बोलायची. वळण आलं की पुढच्या चाकाजवळून 'कट-कट-कट' सुरू. "आवाज आहे म्हणजे जीव आहे," असं निदान अचूकरावांनी केलं आणि त्याच आवाजात ते गरोदर लेकीला महिनोन्‌महिने तपासणीला नेत-आणत राहिले. दवाखान्याच्या वाटेवर वळणंच वळणं. रस्त्यावरची कुत्रीसुद्धा गाडी यायच्या आधी बाजूला व्हायची.

आता लेक बाळंत झाली होती. नात झाली होती. रविवारी दोघी घरी यायच्या होत्या.

"लेकीला दवाखान्यातून ह्याच गाडीतून आणली," अचूकराव गाडीखालून म्हणाले. "नातसुद्धा ह्याच गाडीतून घरी येणार. शब्द आहे माझा."

"आणि वाटेत चाक निखळलं तर?"

"म्हणून तर अ‍ॅक्सल बदलतोय ना!"

"बदला. रविवारी सकाळपर्यंत गाडी ठणठणीत झाली तर ठीक. नाहीतर माझा भाऊ त्याची गाडी घेऊन येईल. आणि तुमची न्यायला भंगारवाला येईल. दोघांनाही सांगून ठेवलंय."

भावाची गाडी नवी होती आणि ती वळताना काहीच बोलत नसे. अचूकरावांच्या मते हा तिचा मुखदुर्बळपणा होता.

मिस्त्रींनी गाडी तपासली होती ती रस्त्यावर. अचूकराव गोल गोल गाडी फिरवत होते आणि मिस्त्री समोर उभे राहून, डोळे मिटून, गाणं ऐकावं तसं ऐकत होते. शेवटी त्यांनी डोळे उघडले. "काका, डावा अ‍ॅक्सल गेलाय. पार्ट आणून ठेवा, मी शनिवारी येऊन बसवतो."

अचूकरावांनी लगेच घरी येऊन डाव्या चाकावर खडूने फुली मारली आणि त्याच बाजूला जॅक लावला. खूण केल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, ही खात्याची शिस्त. चुकीच्या जागी खूण केल्यावर काय करायचं, याबद्दल खात्यात शिस्त नव्हती. तिथे त्याला हद्दीचा वाद म्हणत.

आता पार्ट. नव्या दुकानात गाडीचं नाव सांगितल्यावर काउंटरवरच्या माणसाने आदराने विचारलं, "आजोबांची होती का?" दुसऱ्या दुकानात त्यांना चहा मिळाला, पण तो सहानुभूतीचा होता. शेवटी जुन्या पार्टांच्या बाजारात एका दुकानदाराने मान हलवली. सगळं दुकान म्हणजे गाड्यांचं शवागार, आणि हा त्यात मोठ्या प्रसन्नपणे बसलेला.

"साहेब, ह्या मॉडेलची एक गाडी तुटायला येणारे. निघाला की फोन करतो. कुठला हवा?"

"डावा."

शुक्रवारी अचूकराव जेवत असताना फोन वाजला.

"साहेब, गाडी तुटली. दोन निघालेत. कुठला बांधू?"

दोन! अचूकरावांचा घास हातातच राहिला. डावे अ‍ॅक्सल दोन-दोन, आणि निवड आपल्या हाती! एका गाडीला डावा अ‍ॅक्सल एकच असतो, हा तपशील त्या आनंदात बाजूला पडला.

"त्यात विचारायचं काय? त्यातल्या त्यात उजवा असेल तो बांध."

"उजवा? तुम्ही डावा म्हणाला होता ना?"

"अरे, आयुष्यात मी कधी डावा माल घेतला नाही आणि आता नातीसाठी घेऊ? उजवाच दे!"

"नक्की ना साहेब? मागाहून बदलून मिळणार नाही."

"माझं बोलणं बदलत नाही," अचूकराव म्हणाले आणि पुन्हा भाताकडे वळले.

पत्नी समोर बसून हे ऐकत होती. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि तिने हळूच भावाला फोन लावला.

शनिवारी मिस्त्री आले. जॅक लावलेला होता, फुली मारलेली होती. त्यांनी निमूट चाक काढलं, जुना अ‍ॅक्सल काढला आणि पोत्यातून नवा, म्हणजे नवा जुना, बाहेर काढला. बसवायला गेले आणि थांबले.

"काका, हा लांब आहे."

"असं कसं? टेप आणा!"

टेप आला. अचूकरावांनी दोन्ही अ‍ॅक्सल जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून मोजले, मग उलटीकडून मोजले, मग चष्मा पुसून मोजले. लांबीने खात्याचा मान ठेवला नाही.

"हा उजव्या बाजूचा आहे," मिस्त्री म्हणाले. "ह्या गाडीत उजवा लांब असतो, डावा आखूड."

"पण मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, उजवाच दे म्हणून!"

"मग त्याने दिला की."

दोरीवरच्या चादरीमागून कोणीतरी हसल्यासारखं वाटलं, पण चादर गंभीर होती.

अचूकराव तसेच बाजारात गेले. दुकानदाराचं म्हणणं साधं होतं. "साहेब, उजवा म्हणालात, उजवा दिला. तुमच्या मनातला उजवा वेगळा निघाला, त्याला मी काय करू?"

"चांगला ह्या अर्थाने म्हटलं होतं मी!"

"चांगलाच आहे तो. नुसता उजव्या बाजूचा आहे."

"बरं, बरं. तो डावा दे मग."

"तो कालच गेला. एक साहेब आले होते, गॉगल लावून. नव्या गाडीतून आले आणि एवढ्या जुन्या गाडीचा पार्ट घेऊन गेले. मलाही नवलच वाटलं."

अचूकरावांना नवल वाटलं नाही. त्यांना घाम फुटला.

घरी पोचले तर अंगणात नवी गाडी उभी, तिच्यापुढे गॉगल, गॉगलमागे मेहुणा आणि मेहुण्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला डावा अ‍ॅक्सल.

"दाजी, ताईचा फोन आला होता. म्हणाली, ह्यांनी उजवा मागितलाय, तू जाऊन डावा घेऊन ठेव."

"मी मुद्दामच उजवा मागवला होता," अचूकराव म्हणाले. "जोडीने बदलावेत असा नियम आहे."

"कुणाचा?"

"असतो."

मिस्त्रींनी डावा बसवला. तो असा चपखल बसला की अचूकरावांचा चेहरा पडला. मेहुण्याच्या हातून आलेली गोष्ट बसूच नये, एवढीच त्यांची माफक इच्छा होती. सगळे गाडीत बसले. अचूकरावांनी गाडी रस्त्यावर काढली आणि पहिल्याच वळणावर चाक वळवलं.

कट-कट-कट.

"दाजी," मागून आवाज आला, "ओळखीचा वाटतो नाही?"

गाडी परत अंगणात आली. मिस्त्री खाली उतरले, बॉनेटसमोर उभे राहिले आणि विचारात पडले. मग त्यांनी सावकाश आपला डावा हात वर केला. हात गाडीच्या उजव्या चाकाकडे होता.

"अहो काका, मी डावा म्हणालो तो हा! त्या दिवशी समोरून बघताना माझ्या डाव्या हाताचा."

"मग तुम्ही त्या बाजूचं चाक का खोललंत?"

"तुम्ही फुली मारली होती. जॅक लावला होता. गिऱ्हाईकाच्या जॅकला मी उलट बोलत नाही."

अचूकरावांची छाती हळूहळू फुगू लागली. पोत्यातला तो लांब अ‍ॅक्सल, ज्यावर सकाळपासून सगळं घर हसत होतं, तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलला.

"काय म्हटलं होतं मी? उजवाच! पहिल्यापासून उजवाच म्हणत होतो. सगळं जग डावा-डावा करत होतं, पण मी हटलो नाही!"

"तुम्हीच तर आधी डावा..." पत्नी म्हणाली.

"तो मिस्त्रींचा डावा होता. माझा उजवाच होता."

उजवा बसला. गाडी वळली आणि एक अक्षर बोलली नाही. त्या संध्याकाळी अचूकरावांनी भंगारवाल्याला स्वतः फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं, आणि तो 'बरं' म्हणून फोन ठेवायच्या आत त्याला आसाचं महत्त्वही सांगितलं.

रविवारी लेक मागच्या सीटवर बसली, मांडीवर दुपट्यात नात, शेजारी आजी. मेहुणा आपल्या गाडीतून मागे मागे येत होता, लागलंच तर असू द्यावं म्हणून. गाडी दवाखान्यातून निघाली आणि नातीने टाहो फोडला.

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. गाडी लोण्यासारखी चालली होती आणि पोरीचा आवाज टिपेला पोचला होता. आजीने थोपटलं, आईने जवळ घेतलं, आजोबांनी आरशातून बघत "ऐक बाळा, कशी शांत गाडी आहे" असं सांगूनही पाहिलं. काही उपयोग नाही.

"बाबा," लेक एकदम म्हणाली, "तो आवाज कुठे गेला?"

"गेला! कायमचा गेला!"

"अहो, तपासणीला जाताना ही पोटात सारखी लाथा मारायची. वळण आलं, कट-कट सुरू झालं की गप्प व्हायची. मला वाटायचं झोपली."

पुढचं वळण आलं. आजीने थोडा विचार केला, बाळाच्या कानाशी वाकली आणि जिभेने हळूच 'टक-टक-टक' केलं. पोरीने रडणं थांबवून कान टवकारले. वळण संपलं, आजी थांबली. पोरीने पुन्हा सूर लावला.

अचूकरावांनी गाडी बाजूला घेतली. मागून मेहुण्याने हॉर्न वाजवला. पत्नी पुढे झुकली आणि ज्या गाडीला तिने भंगारवाला ठरवून ठेवला होता, त्या गाडीच्या मालकाच्या कानात अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, जुने दोन्ही अ‍ॅक्सल ठेवलेत ना? मिस्त्रींना बोलवा, आणि त्यातल्या त्यात उजवा तेवढा परत बसवून घ्या."