सीटखालचं बटण

हंगामाच्या पहिल्याच सकाळी बागेतल्या छोट्या रेल्वेचे मालक ड्रायव्हरवर भडकले. ड्रायव्हर त्यांच्या वडिलांच्या वेळचा. त्याने इंजिन पुसता पुसता पगारवाढ मागितली होती.

"काका, गाडी दोन महिने चालते! डिझेल, रंग, रुळांची डागडुजी, खर्च मात्र बारा महिने!"

"पोटही बारा महिनेच असतं, मालक."

"मग निघा! बापाची गाडी आहे, मी चालवीन!"

टाळकं फिरलेले मालक इंजिनात चढले. मागच्याच डब्यात गार्ड म्हणून बसलेल्या मेहुण्याने शिट्टी फुंकली. पोरांनी भरलेले चार डबे तळ्याला वळसा घालून स्टेशनात आले. मालकांनी ब्रेकचा दांडा ओढला, आणि तो सरळ हातात आला. गाडी स्टेशन सोडून पुढे गेली.

"अहो, थांबवा ना!" तिकीटखिडकीतून बायको ओरडली.

"थांबत नाही!" हे उत्तर तिला पुढच्या फेरीत मिळालं.

ड्रायव्हर फलाटावरच्या बाकावर पाय पसरून बसला होता. तिसऱ्या फेरीला मालक गरजले, "ही बंद कशी करायची?"

"पगाराचं काय ठरलं?"

"एक छदामही..." गाडी वळणाआड गेली.

चौथ्या फेरीला दातओठ खात मालकांनी पाच टक्के कबूल केले. ड्रायव्हरने नकारार्थी मान हलवली, तेवढी पाहण्यापुरताच वेळ मिळाला. पाचव्या फेरीला दहा. सहाव्या फेरीत मेहुणा म्हणाला, "दाजी, डिझेल संपलं की थांबेलच."

"टाकी कालच भरलीय, गाढवा!" मालकांचं डोकं आणखीच तापलं. डब्यातली पोरं आनंदाने किंचाळत होती, त्याने तर अंगाचा तिळपापड होत होता.

नवव्या फेरीला मालकांचा आवाज बसला होता. "वीस टक्के! वर दोन महिन्यांचा बोनस! आणि तुम्हाला नंतर बघून घेतो!"

ड्रायव्हर उठला, गाडीबरोबर चार पावलं चालत इंजिनात चढला आणि मालकांच्या सीटखाली हात घालून त्याने इंजिन बंद करायचं बटण दाबलं. गाडी धापा टाकत थांबली.

"हे इथं कुणी लपवलं?"

"मीच. वर होतं तेव्हा पोरं दाबायची. गेल्या वर्षी दांड्याची दुरुस्ती आणि बटण हलवणं, दोन्हीच्या खर्चाचा अंदाज दिला होता. तुम्ही दांड्यावर काट मारलीत."

उरलेला राग बायकोवर काढायला मालक तिकीटखिडकीकडे धावले. खिडकीपासून बागेच्या फाटकापर्यंत रांग लागली होती.

"सगळ्यांना नऊ फेऱ्याच हव्यात," नोटा मोजत बायको म्हणाली. "मी हो म्हटलं. तिकीट एका फेरीएवढंच ठेवलंय."

"तेवढंच? अगं, डिझेल कोण..."

मागून ड्रायव्हर हळूच खाकरला. "मालक, नऊ फेऱ्या असतील तर पगाराचं पुन्हा बोलावं लागेल."