सगळ्या कुंड्यांना सारखं ऊन

खैरनार सर चहा आधी मोजायचे, मग प्यायचे. खिशातून काचेचा तापमापक काढून स्वतःच्या कपात, मग माझ्या कपात. "तात्या, अडुसष्ट. थांबा जरा."

"सर, चहा माझा, तोंड माझं."

"जीभ पण तुमचीच भाजेल."

मखमलाबादला माझा झेंडूचा मळा. तिथल्या खोलीत सर भाड्यानं राहायचे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेले, एकटे. मी तिसरी नापास. पण रोपांचं मला कुणी शिकवायचं नाही, हा माझा ताठा.

सरांना वेड सरड्यांचं. वाफ्यात सरडीनं अंडी घातली की हा माणूस चमच्यानं ती काढणार, मातीच्या कुंडीत निजवणार. आमची ही म्हणायची, "सर सरडीचं बाळंतपण करत्यात." कुणी विचारलंच, "सर, नर का मादी?" तर उत्तर ठरलेलं: "अजून ठरायचंय!"

मला त्यांनी समजावलं होतं. माणसाचं पोर मुलगा का मुलगी, ते बापाच्या बीजावर ठरतं. तशी खूण सरड्याच्या बीजात शोधून सापडत नाही. मग ठरवतं कोण? रक्त, का मातीची ऊब? सरांना तेवढंच बघायचं होतं.

कोपऱ्यावर एसटीडी बूथ झाला त्या साली सरांनी सहा कुंड्या मांडल्या. तीन आंब्याखाली, तीन उघड्यावर. तेवढ्यात बहीण आजारी पडली म्हणून त्यांना कळवणला जावं लागलं. "तात्या, महिनाभर नुसती राखण करा. हात लावू नका."

हात लावू नका म्हणे! आम्ही रोपांच्या कुंड्या रोज फिरवतो, सगळ्यांना सारखं ऊन मिळावं म्हणून. सावलीतल्या तीन कुंड्या बघून माझा जीव तुटायचा. रोज दहाला त्या उन्हात, उन्हातल्या सावलीत. दोनला परत. सर यायच्या दिवशी सगळ्या जागच्या जागी.

पिल्लं निघाली. सरांनी मच्छरदाणीच्या पिंजऱ्यात नाकतोडे चारून ती वाढवली. नराच्या शेपटीचं बूड फुगतं, ते दिसल्यावर मोजणी केली. ऊन का सावली, फरक काहीच नाही.

"तात्या, कुंड्या हलल्या होत्या का हो?"

"माझ्यावर शंका? लय झालं सर! खोली खाली करायची तर करा!"

सरांनी हात जोडले. "चुकलं माझं." मी ते हात जोडू दिले.

दर रविवारी सरांचे दोन जुने सोबती शहरातून यायचे. मोजणीची वही बघून त्यांनी सरळ सांगितलं, राखणदारानं कुंड्या हलवल्या. सर तडकले. "तात्या नाही म्हणाले म्हणजे नाही!" शब्दानं शब्द वाढला. सोबती उठून गेले, ते परत आले नाहीत.

चार वर्षं मी गप्प. सर मात्र रविवारी अजून ओट्यावर तीन खुर्च्या मांडायचे. एकीवर बसायचे, उरलेल्या दोन्हींकडं बघायचे.

एका रविवारी मला राहवलं नाही. चहा घेऊन गेलो, मधल्या खुर्चीत बसलो. "सर, कुंड्या मी फिरवल्या होत्या. रोज. आणि खोटं बोललो."

सरांनी एकदम वही उघडली. "किती वाजता फिरवायचात?"

"दहाला. मग दोनला."

"सगळ्या?"

"सगळ्या. सारखं ऊन."

त्यांनी नीट लिहून घेतलं. चेहरा पोरासारखा उजळला. "म्हणजे सरड्यांचं अजून ठरायचंय, तात्या!"

मग त्यांची नजर तिसऱ्या खुर्चीकडं गेली. पेन थांबलं.

"काय काय बोललो हो मी त्यांना," ते म्हणाले. माझ्याबद्दल एक शब्द नाही.

समोर कप वाफाळत होता. तापमापक खिशातच राहिला. सरांनी कप उचलला आणि तसाच तोंडाला लावला. भाजलं असणार. मी मान वर केली नाही.