समितीने रोखलेली वाढ

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि स्वच्छ सांगितलं, "मूल व्हायचं तर या वर्षात होऊ द्या. पुढे माझ्या हातात काही नाही."

सून चाळिशीला टेकलेली. ती मान खाली घालून बसली. उत्तर सासूबाईंनी दिलं.

"हिला काय सांगताय? नवरा घरात नको का?"

नवरा लोकसंख्यावाढ अभ्यास समितीत होता. माणसं फार वाढतायत, ती का वाढतायत आणि कशी थोपवायची, हे शोधायला सरकारने ही समिती नेमलेली. तिला लिहिणारा माणूस हवा म्हणून याला तीन महिन्यांसाठी उसना नेला. सरकारने उसनं नेलेलं कधी परत येतं का? समितीला मुदतवाढ मिळत गेली आणि हा गावोगाव हिंडून दुसऱ्यांची पोरं मोजत राहिला. महिन्याकाठी एकदा घरी यायचा, तो बूट न काढता खुर्चीतच झोपायचा. सून त्याचे बूट काढायची आणि दिवा मालवायची. चार वर्षं तिचा संसार एवढाच.

"रजा माग," सासूबाई मुलाला म्हणाल्या.

"मागितली. साहेब म्हणाले, जन्मदराचं प्रकरण संपू दे."

"ते संपेपर्यंत मी संपेन."

"आई, वरून हुकूम आहे, त्याला मी काय करू?"

"काही करू नकोस. चार वर्षं तेच चाललंय."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच समितीच्या कचेरीत जाऊन थडकल्या. अध्यक्षसाहेब डोकं धरून बसले होते. भिंतभर नकाशे, छताला टेकलेली कपाटं, चार माणसांना सहा पंखे, आणि टेबलावर वरून आलेला एकच प्रश्न: एवढा खर्च केलात, वाढ किती रोखली ते दाखवा, नाहीतर समिती गुंडाळा. साहेबांकडे उत्तर नव्हतं. सासूबाईंना हे ठाऊक असतं, तर समिती आपोआप मोडेल म्हणून त्या दारातूनच माघारी फिरल्या असत्या. पण बोलायचं ठरवून आलेली बाई न बोलता जाते कुठे?

"साहेब, माझा मुलगा परत द्या."

"आजी, हे देशाचं काम आहे. लोकसंख्या अशी वाढत राहिली तर..."

"लोकांची वाढतेय हो. तुमच्या कचेरीतली बघा की. ड्रायव्हर दौऱ्यावर असतो म्हणून त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. टायपिस्टबाईंचा नवरा रिकाम्या घराला कंटाळून निघून गेला. शिपाई अन् त्याची बायको एकमेकांना चिठ्ठ्या लिहून ठेवतात. या जागेत पाऊल टाकलेल्या एकाच्या तरी घरी चार वर्षांत पाळणा हलला का? अन् माझी सून? तिच्या वयाला मिळते का तुमची मुदतवाढ?"

साहेबांनी डोक्यावरचा हात काढला.

"एकाच्याही घरी नाही?"

"एकाच्याही नाही."

"बसा आजी. चहा सांगा रे कुणीतरी. आता सावकाश, पहिल्यापासून सांगा."

सासूबाई सुखावल्या. अखेर ऐकून घेणारा भेटला. त्यांनी चहा घेतला आणि घरोघरचं सगळं सांगितलं, कोण कुणाशी बोलत नाही तेसुद्धा. साहेब भराभरा लिहून घेत होते. निघताना ते दारापर्यंत पोचवायला आले.

"झालं काम," घरी येऊन त्या सुनेला म्हणाल्या. "आता येतोच बघ तो."

तो आलाही, आठवड्याने, आणि चक्क जागा होता.

"आई, समिती वाचली," तो दारातूनच म्हणाला. "साहेबांनी वर कळवलं, समितीच्या माणसांमध्ये चार वर्षांत एकही जन्म नाही. असा निकाल आजवर कुठल्याच खात्याने दाखवला नव्हता म्हणे. पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. आता बाकीच्या कचेऱ्यांनाही हीच पद्धत लावणार आहेत. साहेबांनी तुझे आभार मानलेत."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"तुम्ही सांगितलंत?"



सुनेने भावाला फोन केला. संध्याकाळी तो येऊन तिला घेऊन गेला. भांडण नाही, रडणं नाही. जाताना तिने नवऱ्याला सासूबाईंच्या गोळ्यांची जागा दाखवली, एवढंच.

दार लागल्यावर मुलगा खुर्चीत बसला. मग सवयीने बोलून गेला, "पुढच्या अहवालात आपल्या घरात एक माणूस कमी धरावा लागेल."

सासूबाईंनी त्याचं ताट वाढलं नाही.