पास्कूबाईंनी शुक्रवारी कोंबडी शिजविली ती हकीकत

॥ श्री येशू प्रसन्न, मारियामाउली साह्य ॥ ख्रिस्तशके सत्राशे एकसष्ट, उपवासकाळाचा तिसरा शुक्रवार, ते समयी समुद्रकाठच्या एका राज्यी वर्तमान जाहले ते ऐसे. राज्य म्हणजे चुलीपासून विहिरीपावेतो, आणि तेथील अंमल सासू पास्कूबाईंचा. उपवासकाळाच्या आरंभी, भस्मबुधवारी, कपाळी राख लागताच बाईंनी हुकूम फर्माविला की येशू पुन्हा उठला त्या पास्काच्या सणापावेतो मांस वर्ज्य आणि जेवण एकवेळ, आणि जो उणे करील त्याने अंगणात वेगळी चूल मांडावी. मग सर्वांनी माना तुकविल्या, आणि सून आग्नेस, दीड महिन्याची बाळंतीण, तिनेही तुकविली. पुढे तिचे दूध आटले आणि नातू अष्टौप्रहर रडो लागला, आणि मग ते रडणेही बारीक होत चालले, तेव्हा बाईंस धीर निघेना.

मग बाई खासा पाद्रीबाबांकडे गेल्या आणि बोलिल्या, "बाबा, पोराच्या नावे देवळात एक मिस्सा-प्रार्थना करा."

बाबांनी पुसिले, "सून जेवते काय?"

"एकवेळ. माझ्या घरात शिस्त आहे."

बाबांनी कपाळास हात लाविला. "अहो बाई, अंगावर पाजणारीस उपास नाही! मांसाचीही मी तिला सूट देतो. आजच जेवू घाला."

"हा नियम नवा काय?"

"पूर्वापार आहे."

ते ऐकोन बाई पायरीवरच बसल्या. त्यांचे पहिले लेकरू ऐशाच उपवासकाळी, ऐसेच दुधावाचून गेले होते, आणि तेव्हा त्यांस कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनी कोणास पुसिले नव्हते. बाबा शेजारी येवोन बसले. मग बाई डोळे पुसोन उठल्या. "देवाचे उपकार. या खेपेस तरी पाय इकडे वळले."

घरी येताच बाईंनी अंड्यावरची कोंबडी धरिली. घटकाभरात शेजारीण फेलिसबाई कुंपणावरोन ओरडली, "अगो पास्कू, शुक्रवारी कोंबडी? वास वेशीपावेतो गेला! आणि आम्हांस वर्ज्य शिकविणारी तू!"

"जाऊ दे वेशीपावेतो. कोणा घरी पाजणारी उपाशी असेल तर वासाच्या मागोमाग इकडे पाठीव."

आग्नेस ताटाशी संकोचली. "आई, आणि तुम्ही?"

"माझा उपास आहे. तू खा, पोरी. माझ्या डोळ्यांदेखत खा."

चौथे दिवशी दूध आले आणि नातू बाळसे धरो लागला.

सारांश, बाईंनी आपला उपास सणापावेतो चालविला, आणि पुढे त्या दरसाल भस्मबुधवारी कपाळीची राख न पुसता प्रथम गावच्या बाळंतिणींच्या दारी जात आणि पुसत, "जेवलीस काय, बाय?"