तामोरेताईंची वेगळी फाइल

आमच्या ऑफिसात तामोरेताई सकाळी कुणाच्या टेबलाशी आल्या, की 'चहा झाला का' असं विचारत नाहीत. "पासवर्ड कुटं ठेवला?" असं विचारतात. उत्तर 'कोडमध्ये' असं आलं, तर त्या ती ओळ छापून त्या माणसाच्या खुर्चीच्या पाठीला चिकटवतात. माझ्या खुर्चीला एकदा तीन कागद होते.

ताई इथल्याच, किनाऱ्यावरच्या नवापूर गावच्या. बोईसरमध्ये आम्ही नऊजण कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यात सगळ्यांत जुन्या त्याच. त्यांचं म्हणणं एवढंच, की पासवर्ड, मेसेज ज्यांना जायचे त्यांची यादी, असलं काही कोडमध्ये लिहायचं नाही. ते वेगळ्या फाइलीत ठेवायचं. चाचणीची फाइल निराळी, खऱ्या कामाची निराळी. अशा वेगळ्या ठेवलेल्या नोंदींना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. ताई नुसतं 'येगलं ठेवा' म्हणतात, आणि न ठेवणाऱ्याला, "तुमी इंजिनेर हाय का कोन?"

मला भयंकर राग यायचा. सांगलीहून मी नोकरी करायला आलो होतो, रोज वर्गात उभं राहायला नाही.

तेव्हा आम्ही एका कारखान्यासाठी वायुगळतीच्या इशाऱ्याचा प्रोग्राम करत होतो. गळती झाली, की शेजारच्या कुंभवली गावातल्या फोनांवर मेसेज जायचा. एका सकाळी मी खरी यादी सरळ कोडमध्ये जोडली, पाच मिनिटांपुरती, आणि विसरलो. दुपारी चाचणी चालवली. चाचणीच्या फाइलीत आमचेच नंबर होते, पण कोडनं ती फाइल उघडलीच नाही. 'वायुगळती. ताबडतोब घराबाहेर पडा,' हा मेसेज कुंभवलीत पोचला.

चूक कळताच खुलासा पाठवला, पण तोवर लोक लेकरं उचलून रस्त्यावर आले होते. आमचे साहेब म्हणाले, "सर्व्हर बिघडला असं कळवून टाकू."

"सर्वरनं नाय केलं," ताई म्हणाल्या. "मानसानं केलंय. मानूसच जाऊन सांगंल."

त्यांनी मला स्कूटरवर मागं बसवलं आणि कुंभवलीत घरोघर नेलं. लोकांनी तोंडाला येईल ते ऐकवलं. ऑफिसात कुणाचं ऐकून न घेणाऱ्या ताई खाली मान घालून उभ्या होत्या. "आमची चूक हाय," एवढंच म्हणायच्या. माझं नाव त्यांनी एकाही घरात घेतलं नाही.

शेवटच्या घरात एक म्हातारे बाबा खाटेपाशी बसले होते. खाटेवर त्यांची बायको, चालता न येणारी.

"भायेर पडा म्हनता," बाबा शांतपणे म्हणाले. "हिला उचलनार कोन? मी खिडक्या लावल्या नि हिच्यापाशी बसून ऱ्हायलो."

ताईंनी आजींच्या पायावरची चादर नीट केली. परतताना मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्यांनी मला माझ्या खोलीपाशी उतरवलं आणि नवापूरला निघाल्या.

दोन दिवसांनी खऱ्या कामाची फाइल तपासताना मला एक नवी नोंद दिसली. बाबांच्या घराचा मेसेज आणखी एका फोनवर जाणार होता. तो नंबर ताईंचा होता.

मी म्हटलं, "ताई, घरी असलात तर नवापूरहून पोचायला वेळ लागेल."

"म्हनून खाली तुमचाबी टाकलाय," त्या स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या. "तुमी बोयसरलाच ऱ्हाता. आजीला दोगांनी उचलायला पायजे."

त्यांनी मला विचारलं नव्हतं. मी खालचा माझा नंबर नीट तपासला आणि फाइल बंद केली.