दिग्रसच्या समुद्रातलं निंदण

राठोडकाकांच्या हॉलमध्ये जाऊन "टाकी छान आहे हो माशाची" म्हणणाऱ्याला चहा मिळत नाही. "टाकी गच्चीवर असते," काका सुनावतात. "हा समुद्र हाये. समुद्र म्हना." पाहुणा मुकाट्याने समुद्र म्हणतो, मग चहा येतो.

आमच्या दिग्रसहून खऱ्या समुद्राला जायचं म्हणजे आख्खी रात्र गाडीत काढावी लागते. शेजारच्या राठोडकाकांनी उभा जन्म एसटीच्या स्टेअरिंगवर काढला, पण त्यांची गाडी यवतमाळ-पुसदच्या पलीकडे फारशी गेली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोठी काचेची पेटी आणली, नागपूरहून खास मिठाची पाकिटं आणली आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला एकुलता एक मासा आणला. कॉलनी हसली. काकांनी छाती पुढे काढली.

"आमच्या बापजाद्यायनं बैलाच्या पाठीवर लादून या मुलखात मीठ आनलं, तवा तुमच्या वरनाले चव आली. आता एका राठोडानं समुद्र आनला तं तुमचं पोट काहून दुखून राह्यलं?"

यावर कोणी काय बोलणार? वरण तर सगळ्यांनीच खाल्लेलं. उन्हाळ्यात घरातला एकमेव कुलर माशाकडे तोंड करून चालतो आणि काका पेपरने वारा घेत बसतात, यावरही आता कोणी बोलत नाही.

मग समुद्रात शेवाळ आलं. हिरवंगार, केसांसारखं लांब, दगडांवर आणि काचेवरही. कृषी केंद्रवाल्याने तणनाशक सुचवलं, त्याला काकांनी दारातूनच परतवून लावलं. "पराटीत तन झालं तं कास्तकार वावर सोडून पयते का? निंदते!" रोज सकाळी बाह्या सरसावून, स्टुलावर बसून ते बोटांनी शेवाळ उपटू लागले. शेतातला युरिया झिरपून बोअरच्या पाण्यात उतरतो असं कळल्यावर त्यांनी फिल्टरच्या पाण्याचे कॅन लावले. "कपाशी त्यायची, खत त्यायचं, अन् पीक माह्या घरात!" समुद्रावरचा दिवा कमी वेळ लावू लागले. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी पार्सलने मागवल्या. त्यांना ते मजूर म्हणत आणि कामचुकारपणाबद्दल काचेवर टकटक करून झापत.

या सगळ्यामागे एक पैज होती. काकू सुनेच्या बाळंतपणाला दोन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेल्या. नातू चालायला लागला, तरी तिकडेच आहेत. मुलगा फोनवर म्हणे, "बाबा, ते इकून टाका अन् इकडंच या." काका फोनवर गरजत, "एकदा आलतो मी. रात्री हॉलमंधी चटई टाकाची, सकायी गुंडायाची. सासुरवाडीतबी मी इतका पाहुना नव्हतो! शेवाळानं माहा मासा मारला तं त्या दिवशी येतो. तोवर नाव काढू नोको."

आणि शेवाळ तर जिंकत चाललं होतं. मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करायचा. काकांचा आवाज रोज चढत होता, चेहरा मात्र उतरत होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पाणी बदललं, उजेड कमी केला, तरी शेवाळ वाढतंय कशावर, हे मला खुपत होतं. एका संध्याकाळी बेसनाच्या पाटोडीची भाजी द्यायला गेले, तर दार उघडंच. काका समुद्रासमोर मांडी घालून जेवत होते. एक घास स्वतः घ्यायचे, मग चिमूटभर दाणे पाण्यात सोडायचे. पुन्हा घास, पुन्हा चिमूट. मासा केव्हाच पोट भरून दगडाआड गेला होता. दाणे तळाशी साचत होते.

"घे न अजून थोडसं," काका त्याला म्हणत होते. "काकूच्या हातचं नाही हे, पन घे."

"अहो काका, हेच तं खत हाये!" मी ओरडलेच. "उरलेलं सडते अन् त्याच्यावर शेवाळ पोसते. त्याले सकायी एक चिमूट द्या. रात्री काहीच नाही."

मला वाटलं, आता माझ्याशी भांडतील. त्यांनी चिमटीतले दाणे परत डबीत टाकले.

"मंग रातच्याले म्या कोनासंगं जेवू?"

वाटी तिथेच ठेवून मी घरी आले.

दुसऱ्या रात्री आम्ही जेवायला बसतोय, तोच दारात काका. हातात स्वतःचं ताट, ताटात स्वतः लाटलेल्या जाड पोळ्या आणि भाजी.

"कोनी बलावलं म्हनून नाही आलो," त्यांनी आधीच बजावलं. "शेवाळाचा इलाज म्हनून आलो. तो उपाशी अन् त्याच्यापुढं मी जेवू, हे काही जमत नाही. गैरसमज नोको."

माझ्या नवऱ्याने सरकून जागा केली. तेव्हापासून ते रोज येतात. दोघे एसटीच्या जुन्या रस्त्यांवरून वाद घालतात आणि पोळ्या गार होतात.

परवा पाणी बदलायला हात लावू म्हणून मी त्यांच्याकडे गेले. काच लख्ख होती, मासा ऐटीत फिरत होता, मजुरांना काही कामच उरलं नव्हतं. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मांगच्या कोपऱ्यात अजून थोडसं हाये, मॅडम. इलाज चालू ठेवाच लागन."

मी वाकून मागचा कोपरा नीट बघितला. तिथे काहीही नव्हतं.

"हाये काका," मी म्हटलं. "चांगलंच हाये. या रात्री."